'हे' म्हणजे नक्की कोण?

प्रत्येक मराठी घरात एक तरी असा फोटो असतोच. त्याच्याबद्दल घरातल्या प्रत्येकाला सगळं माहीत असतं, फक्त कुठल्याही दोघांची माहिती जुळत नाही. कुणाचे पणजोबा टिळकांच्या शेजारी उभे असतात (टिळक फ्रेमच्या जरासे बाहेर!), कुणाची आजी भालजींच्या सिनेमात गर्दीत असते. आमच्याकडे आहे 'भारतातला पहिला कॉम्प्युटर'.

ब्लॅक अँड व्हाइट, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा, कडा बिस्किटासारख्या दातेरी. सहा माणसं. त्यांच्यामागे पुरुषभर उंचीचे लोखंडी रॅक, रॅकमध्ये काळी पॅनेल्स, पॅनेलवर डायल, बटणं आणि बारीक दिवे. पुढे लांबलचक टेबल, त्यावर वायरींचा गुंता आणि डबे. डावीकडून तिसरे गृहस्थ एकदम रुबाबदार. पांढरा शर्ट, टाय, केस मागे फिरवलेले, एक हात रॅकवर. थेट कॅमेऱ्यात बघतायत. तेच आमचे आजोबा.

निदान चाळीस वर्षं तरी तेच आमचे आजोबा होते.

फोटोच्या मागे पेन्सिलने लिहिलेला एकच शब्द आहे: 'हे'. आणि एक बाण. आजीने लिहिलेला. तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसत, आणि आजी इतकी पक्की की तिने ते कागदावरही घेतलं नाही. लग्नातला उखाणा सोडला तर तिने आयुष्यात ते नाव उच्चारलं असेल असं वाटत नाही. 'हे' म्हटलं की विषय संपला. फोटोत सहा 'हे' आहेत, हा प्रश्न तिला पडायचं कारणच नव्हतं.

दंतकथा कशी तयार होते

आजोबा १९६१च्या सुरुवातीला अचानक गेले. आत्या तेव्हा पाच वर्षांची, बाबा दोन. आजी दोन्ही मुलांना घेऊन दादरच्या चाळीतली खोली सोडून पुण्याला नारायण पेठेत माहेरी आली. आणि त्याच वर्षी १२ जुलैला पानशेत फुटलं. नदीजवळच्या पेठांमधली तळमजल्यावरची घरं बघता बघता पाण्यात गेली, त्यात आजीची ट्रंकही गेली. ट्रंकेत लग्नाचे फोटो, पत्रं, आजोबांची सर्टिफिकिटं, सगळं होतं. एका वर्षात माणूसही गेला आणि तो होता याचा कागदही. (पुण्यातल्या जुन्या घरांमधे 'आमचा एकही जुना फोटो नाही' असं कुणी म्हणालं की वर्ष विचारायची गरज पडत नाही.)

आजी शिवणकाम करून मुलांना वाढवत राहिली. आजोबांबद्दल ती दोनच वाक्यं बोलायची. एक, "कुलाब्याला ॲटॉमिकमध्ये होते." दोन, "मोजायचं मशीन करायचे." ती १९८३ मध्ये गेली.

दोन वर्षांनी कोल्हापूरच्या मावशीआजीचं घर आवरताना हा फोटो सापडला. आजीने कधीतरी आपल्या बहिणीला पत्रातून पाठवलेला. पुराच्या तडाख्यातून वाचला, कारण तो पुण्यात नव्हताच. बाबा तेव्हा सव्वीस वर्षांचे, बँकेत क्लार्क. बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून युनियनच्या सभा चालल्या होत्या. त्याच सुमारास बाबांनी पेपरात वाचलं की भारतात बनलेला पहिला कॉम्प्युटर कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे टीआयएफआरमध्ये तयार झाला. कुलाबा, ॲटॉमिक, मोजायचं मशीन, दिव्यांचे रॅक... आता सांगा, तुम्ही वेगळा निष्कर्ष काढला असता?

बाबांनी फोटो स्टुडिओत नेला. टायवाले गृहस्थ क्रॉप केले, बारा बाय पंधरा एन्लार्ज केले, स्टुडिओवाल्याने ब्रशने गालावर थोडी तजेलदारी आणली. फ्रेम, चंदनाचा हार, वर छोटा पिवळा दिवा. माझ्या दहावीपासून लग्नापर्यंत प्रत्येक पेढा आधी त्या फ्रेमसमोर गेलाय. आणि सॅन होजेला असलेल्या माझ्या आतेभावाच्या लिंक्डइनवर पहिलीच ओळ आहे की त्याचे आजोबा भारतातल्या पहिल्या कॉम्प्युटरच्या टीममध्ये होते. त्या ओळीमुळे इंटरव्ह्यूत गप्पा छान रंगतात, असं तो सांगतो.

आता आत्याची सत्तरी जवळ आली. 'त्या फोटोवर एक छान व्हिडिओ करू' असं कझिन्सच्या ग्रुपवर ठरलं आणि 'तू लिहितेस ना, मग माहिती तू काढ' असं म्हणून काम माझ्याकडे आलं. माझी अट एकच होती. कॅप्शनमध्ये जाईल ते तपासून जाईल.

नोटा तपासायचा दिवा

पहिलं काम, मोबाइलने फोटोचा फोटो काढणं बंद. साधा फ्लॅटबेड स्कॅनर घ्यायचा, रेझोल्यूशन १२०० डीपीआयवर न्यायचं आणि दोन्ही बाजू स्कॅन करायच्या. मागची बाजूसुद्धा! आपल्याकडे जुने फोटो प्लास्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये कायमचे चिकटून बसतात आणि मागे काय लिहिलंय ते कुणाला कळतच नाही. तसा चिकटलेला फोटो नखाने खरवडायला जाऊ नका, पानासकट स्कॅन करा.

दुसरं काम कागदाचं. फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवायला रसायनं घालायची पद्धत १९५०च्या दशकात रुळली. ही रसायनं अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात निळसर चमकतात, शर्टाला टिनोपाल घातल्यावर डिस्कोत चमकतो तशी. त्यासाठी लॅब लागत नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. मी पाचशेची नोट मोडायच्या निमित्ताने फोटो त्याखाली धरला. चमकला. म्हणजे कागद साधारण १९५०च्या अलीकडचा. न चमकणाऱ्या कागदावरून मात्र फारसं काही सिद्ध होत नाही, ही चाचणी एकाच बाजूने चालते.

मग स्कॅन लॅपटॉपवर मोठा केला आणि अक्षरशः कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचत गेले. आपण फोटो बघतो तेव्हा चेहरे बघतो. चेहरे सोडून बाकी सगळं बघायचं, हीच यातली खरी गंमत आहे.

टेबलावर डावीकडे काळा, चामड्याचा पट्टा असलेला मीटर. हा 'ॲव्हो'. ॲम्पिअर, व्होल्ट, ओम या तिघांची आद्याक्षरं. ब्रिटिश माल, वजनदार, आणि जुन्या इंजिनिअर लोकांचं त्याच्यावर प्रेम इतकं की १९५१ मध्ये आलेलं याचं मॉडेल ८ सुधारणा होत होत २००८ पर्यंत बनत होतं. ऑनलाइन फोटोंशी ताडून पाहिलं तर आमच्या टेबलावरचं हेच मॉडेल. शेजारी ऑसिलोस्कोप, त्याचा पडदा गोल. चौकोनी पडदे १९६०च्या दशकात आले. म्हणजे दोन्ही बाजूंनी कुंपण पडलं, पन्नासचं दशक पक्कं.

आणि मग भिंतीवरचं कॅलेंडर. 'कालनिर्णय' नाही, ते १९७३ पासूनचं. कुठल्याशा कंपनीचं फुकट वाटायचं कॅलेंडर असावं. महिन्याचं नाव एका माणसाच्या डोक्याआड गेलंय, पण आकडे दिसतात. शेवटचा आकडा २९. एकोणतीस दिवसांचा महिना म्हणजे फेब्रुवारी आणि तोही लीप वर्षातला! शिवाय ५, १२, १९, २६ हे आकडे बाकीच्यांपेक्षा फिके, म्हणजे लाल शाईतले रविवार. १ तारीख बुधवारी. बुधवारी सुरू होणारा एकोणतीस दिवसांचा फेब्रुवारी दर अठ्ठावीस वर्षांनी येतो. १९२८, १९५६, १९८४. पहिला कागदाने आणि मीटरने बाद, तिसऱ्याच्या आधीच आजोबा गेलेले. उरला फेब्रुवारी १९५६. आत्याच्या जन्माआधी दोन महिने.

जुनं कॅलेंडर आपल्या ऑफिसातही मे महिन्यापर्यंत लटकत असतं हे मान्य, त्यामुळे दोनचार महिने इकडेतिकडे धरा. त्याने काही बिघडत नाही.

रॅकमध्ये होतं तरी काय

गंमत म्हणजे तारीख दंतकथेच्या बाजूची निघाली. १९५६ मध्येच टीआयएफआरमधलं कॉम्प्युटरचं छोटं, प्रायोगिक मशीन चालू झालं. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण पोरांनी ते बांधलं. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कॉम्प्युटर पाहिलाही नव्हता. (कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने त्याच सुमारास एक कॉम्प्युटर घेतला, पण तो ब्रिटनहून विकत आणलेला. म्हणून 'भारतात पहिला' आणि 'भारतात बनलेला पहिला' या वादात पडताना जपून.) मोठं मशीन १९६० मध्ये सुरू झालं आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला 'टिफरॅक' हे नाव दिलं. १८ फूट लांब, ८ फूट उंच. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर. मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची, ४० बिटांचे २,०४८ शब्द. हिशेब केला तर बरोबर दहा केबी. तुमच्या फॅमिली ग्रुपवरचं सकाळचं गुलाबाचं फूल त्यात मावणार नाही.

मी टिफरॅकचे उपलब्ध फोटो आणि आमचा फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि तिथेच शंका आली. कॉम्प्युटरची गंमत ही की त्यात सगळं सारखं असतं. एकाच नमुन्याचे शेकडो तुकडे, ओळीने. आमच्या रॅकमध्ये प्रत्येक पॅनेल वेगळं. टेप वाचायचं यंत्र नाही, टेलिप्रिंटर नाही, ऑपरेटर बसतो तसा कन्सोल नाही. उलट टेबलाच्या टोकाला एक विचित्र वस्तू आहे, गुडघ्याएवढा ठेंगणा, जाडजूड बुरूज आणि त्याला तिजोरीसारखं छोटं दार. घरात आम्ही सगळे त्याला 'पाण्याचा फिल्टर' म्हणत आलो.

ओळखीतून ओळख काढत एका निवृत्त इंजिनिअर काकांपर्यंत पोचले. नव्वदी ओलांडलेले, देवनारला राहतात. अणुशक्ती खात्याचं ट्रेनिंग स्कूल १९५७ मध्ये सुरू झालं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या पोरांपैकी. मी टॅब समोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, 'फिल्टर'वर बोट ठेवलं आणि हसायलाच लागले.

"अगं, हा शिशाचा किल्ला! लेड कॅसल. आत गायगर ट्यूब ठेवायची. बाहेरचं रेडिएशन आत येऊन घोटाळा करू नये म्हणून शिशाच्या भिंती. आणि तू ज्याला कॉम्प्युटर म्हणतेयस ना, तो स्केलर. मोजणी करणारा."

मोजायचं मशीन!

आजी शब्दशः खरं बोलत होती, आम्हीच तिचं भाषांतर केलं होतं.

काकांनी मग जे समजावलं ते मला शाळेतल्या सगळ्या फिजिक्सपेक्षा जास्त कळलं. गायगर ट्यूबमधून एखादा कण गेला की विजेचा एक टिचभर ठोका मिळतो. हे ठोके मोजायचे कसे? रिक्षाच्या जुन्या मीटरसारखा, आकडे फिरणारा काउंटर लावता येतो, पण तो यांत्रिक. सेकंदाला मोजके ठोके झेपतात, त्यापुढे गडबडतो. म्हणून आधी व्हॉल्व्हची एक जोडी लावायची. ती दर दोन ठोक्यांमागे एकच ठोका पुढे सोडते. तिच्यापुढे तशीच दुसरी जोडी, मग तिसरी. सहा जोड्या लावल्या की चौसष्ट ठोक्यांमागे एक ठोका काउंटरपर्यंत पोचतो. प्रत्येक जोडीला एक निऑनचा दिवा. दिव्यांखाली आकडे, १, २, ४, ८, १६, ३२. मोजणी थांबवली की काउंटरचा आकडा गुणिले चौसष्ट, अधिक पेटलेल्या दिव्यांची बेरीज. झालं उत्तर.

ही दोनातून एक करायची युक्ती मोजणीसाठी पहिल्यांदा केंब्रिजच्या विन-विल्यम्सने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला वापरली. आणि दोन अवस्थांमध्ये टुणकन उडी मारणारं मूळ सर्किट त्याहून जुनं, १९१८चं, एकल्स आणि जॉर्डन या दोघांचं. पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी तेच उचललं. तुमच्या फोनच्या चिपमध्ये त्याच कल्पनेचे वंशज बसलेत. तेव्हा बाबांची दंतकथा अगदीच हवेतली नव्हती. सख्खा नाही, पण चुलतभाऊ तरी निघाला.

"थांब, मोठं कर ते," काका म्हणाले. मी पॅनेल झूम केलं. "दिवे कुठले पेटलेत?"

३२, ४ आणि १.

"आणि काउंटर?"

डोळे बारीक करून वाचलं. ०११८.

त्यांनी कागद घेतला नाही. "एकशे अठरा चौसष्टे सात हजार पाचशे बावन्न. त्यात सदतीस मिळव. सात हजार पाचशे एकोणनव्वद." मग जरा थांबून, "दिवे स्थिर आलेत फोटोत. चालू असताना लुकलुकतात. म्हणजे फोटोग्राफर आला म्हणून मोजणी थांबवलीय. साहेब लोक उभे राहिले असतील ओळीने."

फेब्रुवारी १९५६ मध्ये फोटो काढायच्या आधी त्या ट्यूबमध्ये ७,५८९ ठोके पडले होते. इतक्या वर्षांनी, देवनारला, चहा गार होत असताना आम्ही ते मोजले. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

काळही साधासुधा नव्हता. ट्रॉम्बेची अणुशक्ती संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली होती आणि तिची बरीच माणसं टीआयएफआरमधूनच गेलेली. ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही अणुभट्टी उभी राहत होती. इंधन ब्रिटनहून आलं, पण तिच्या कंट्रोलची इलेक्ट्रॉनिक्स ए. एस. राव यांच्या गटाने इथेच बनवली. हेच राव पुढे १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल उभारणारे. अणुभट्टी पहिल्यांदा सुरू करताना इंधन थोडं थोडं वाढवतात आणि प्रत्येक पायरीला न्यूट्रॉनची मोजणी करतात. आकडे कसे चढतायत त्यावरून पुढचं पाऊल टाकायचं की नाही ते ठरतं. आंधळ्याच्या काठीसारखी ही मोजणी. ४ ऑगस्ट १९५६ला अप्सरा चालू झाली. आमच्या फोटोतल्याच खोक्याने ती मोजली असं मी म्हणणार नाही. पण अशी खोकी त्या वर्षी किती महत्त्वाची होती, तेवढं कळलं.

बाण

आता 'हे'.

मागच्या बाजूचा स्कॅन बघताना एक गोष्ट खटकत होती. बाण फोटोच्या मागून डावीकडून तिसऱ्या जागी आहे. बाबांनी १९८५ मध्ये मागे मोजलं, डावीकडून तिसरा. फोटो पलटला, डावीकडून तिसरा, टायवाले. पण फोटो पलटला की डावं उजवीकडे जातं! मी दोन्ही स्कॅन कॉम्प्युटरवर एकावर एक बसवले, मग खात्रीसाठी मूळ फोटो खिडकीच्या काचेला लावून उजेडात धरला. बाण टायवाल्यांना स्पर्शसुद्धा करत नाही. तो जातो डावीकडून चौथ्यावर.

चौथा माणूस उभा नाहीये. स्टुलावर बसून पुढे वाकलाय, समोर उलटी घातलेली चॅसी, हातात सोल्डरिंग आयर्न. त्याने कॅमेऱ्याकडे बघितलेलंच नाही. दिसतो फक्त एक कान, भांग आणि हात. हात डावा.

निगेटिव्ह उलटी लावून प्रिंट निघाली असेल तर उजवा हात डावा दिसतो, म्हणून तेही तपासलं. कॅलेंडरचे आकडे सुलटे वाचता येतात, म्हणजे प्रिंट बरोबर आहे. माणूस डावखुराच.

मी आत्याला फोन केला. काही न सांगता विचारलं, आजोबा कुठल्या हाताने लिहायचे? ती म्हणाली, "लिहायचे ते आठवत नाही गं. पण तुझ्या बाबाने डाव्या हाताने घास घेतला की आई हातावर मारायची आणि म्हणायची, बापाचं एवढंच घेतलंस." मग स्वतःहूनच पुढे म्हणाली, "त्यांच्या शर्टाला राळेचा वास यायचा. देवळात जाळतात तसा. मला वाटायचं ते ऑफिसात पूजा करतात."

सोल्डरच्या तारेत राळ असते. दिवसभर डाग देत बसलेल्या माणसाच्या कपड्यांना तोच वास येणार.

इंजिनिअर काकांना मी चौथा माणूस दाखवला होता. त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि मान हलवली. नाही आठवत. "टेक्निशियन असणार. आम्ही सर्किट काढायचो कागदावर, ते चालायचं यांच्या हातावर. पण रिपोर्टवर यांची नावं येत नसत." हे ते अगदी सहज बोलून गेले, आणि त्या वाक्याचं ओझं त्यांना स्वतःला थोडं उशिरा जाणवलं असावं. चहाचा कप बराच वेळ हातात धरून बसले.

टायवाल्यांना मात्र त्यांनी एका सेकंदात ओळखलं. "हे तर आमचे पहिले साहेब! कडक माणूस. ऐंशीच्या दशकात रिटायर झाले." मी घाबरत घाबरत फ्रेम, हार, पिवळा दिवा सगळं सांगितलं. काका एवढे हसले की आतून सून बघायला आली. "अगं, तुम्ही हार घातलात तेव्हा ते ठणठणीत होते. २००४ मध्ये गेले. माणूस जिवंत असताना मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. तुमचे उपकारच झाले म्हणायचे!"

बाबा

खरी परीक्षा पुढे होती. सहासष्ट-सदुसष्ट वर्षांच्या माणसाला कसं सांगायचं की तुम्ही रोज ज्यांना नमस्कार करता ते तुमचे वडील नव्हेत? आतेभावाचा सॅन होजेहून सल्ला आला की कशाला सांगतेस, व्हिडिओत पहिलाच फोटो टाकू, कुणाला कळतंय. (लिंक्डइनची काळजी दुसरं काय.) मला तो सल्ला बिलकुल पटला नाही. आजोबांना आधीच एकदा पुराने पुसलं होतं.

रविवारी सकाळी मी बाबांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि निष्कर्ष न सांगता सगळे पुरावे क्रमाने दाखवले. दिवा, मीटर, कॅलेंडर, स्केलर. ७,५८९ला ते खूश झाले, शेवटी बँकवाले. स्वतः कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून पाहिला. मग मी मूळ फोटो त्यांच्या हातात दिला आणि खिडकीशी जायला सांगितलं.

ते काचेपाशी उभे राहिले. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं चिडले. मग डाव्या हाताने स्वतःचा कान चाचपत म्हणाले, "इंजिनिअर नव्हते मग ते."

"नव्हते."

"आणि कॉम्प्युटर नव्हता."

"नव्हता. पण त्याचा चुलतभाऊ."

"हं." फोटो खाली न ठेवता विचारलं, "सोल्डरिंग चांगलं करत असतील?"

मी सांगितलं की काकांच्या मते चॅसीच्या आत वायरी ज्या सरळ, काटकोनात वळवून बांधलेल्या दिसतात, ते नवशिक्याचं काम नव्हे. एवढं म्हटल्यावर ते जरा सैलावले. त्या दिवशी दुपारी त्यांनी माळ्यावरून बंद पडलेला ट्रान्झिस्टर काढला, उघडला, आत बघत बसले आणि पुन्हा बंद करून ठेवला.

व्हिडिओत आता चौथा माणूस आहे. आतेभावाने लिंक्डइनची ओळ बदललीय. 'भारताच्या सुरुवातीच्या अणु-इलेक्ट्रॉनिक्समधल्या तंत्रज्ञाचा नातू' असं काहीसं, आणि आता तर इंटरव्ह्यूत जास्तच प्रश्न येतात म्हणे. टायवाल्या साहेबांची फ्रेम आम्ही त्यांच्या घरच्यांना द्यायचं ठरवलंय, काका पत्ता काढतायत. हार तेवढा बाबांनी लगेच उतरवला. फ्रेमसमोरचा नमस्कार मात्र चालू आहे. इतकी वर्षं पेढे खाल्लेत त्यांनी आपले, एकदम अनोळखी कसं म्हणायचं, असं त्यांचं मत.

नवीन फ्रेमसाठी मी आणि आत्या स्टुडिओत गेलो होतो. तिथला मुलगा चुणचुणीत. स्कॅन बघून म्हणाला, "मॅडम, चेहरा दिसत नाहीये यांचा. एआयने समोरून बनवून देऊ का? तुमच्या बाबांचा फोटो द्या, मॅच करून देतो, एकदम ओरिजिनल वाटेल."

आत्याने पर्स बंद केली. "नको रे बाबा. एकदा झालंय आमचं ते. कान आहे ना, तेवढाच मोठा कर."